गुन्ह्याचा माग आणि समाजमाध्यमे

पेशवाईची अखेर झाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली दख्खनच्या मुलखाविषयी एक विस्तृत अहवाल लिहिला. आपल्या गावगाड्यात चोरीचा तपास कसा होत असे, याचे वर्णन त्यात आले आहे. गावात चोरी झाली की माग काढण्याचे काम जागल्याचे. त्याने पावलांच्या खुणांवरून चोराचा पाठलाग करावयाचा, तो माग शेजारच्या गावच्या शिवेत शिरला की तेथील जागल्यास दाखवावयाचा, आणि त्याची खात्री पटली म्हणजे पहिल्याची जबाबदारी सरून दुसऱ्याची सुरू व्हावयाची. 'माग काढणे', 'मागावर असणे' हे आपले वाक्प्रचार या उद्योगाची आठवण अजून देतात. जुनी माणसे असेही सांगत की, चांगला ठसा सापडला म्हणजे जाणता जागल्या प्रथम त्यावर टोपली पालथी घाली आणि मगच इतरांस हाक मारी. चोर तर पळूनच गेलेला असे. त्याला धास्ती असे ती बघ्यांच्या पायांची.

आज चोर पावलाचा ठसा मातीत उमटवून जात नाही. तो कुठल्या तरी कॅमेऱ्यात, कुठल्या तरी संदेशात, कुणाच्या तरी छायाचित्राच्या कडेला आपली खूण ठेवून जातो. आणि ही खूण पाहणारा जागल्या एक नसून गावात जितके मोबाइल तितके जागले आहेत. फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब इत्यादी साधनांना आपण समाजमाध्यमे म्हणतो. ती काय आहेत हे श्रोत्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्यापैकी पुष्कळ जण हे भाषणही त्याच यंत्रावर ऐकत असतील. प्रश्न आहे तो एवढाच की, या सहस्रावधी जागल्यांच्या हातून माग निघतो की पुसला जातो.

प्रथम जे पदरात पडले आहे ते सांगितले पाहिजे. पोलिस ठाण्याची पायरी चढणे ही आपल्याकडे सामान्य माणसास सदैव अवघड गोष्ट वाटत आली. तक्रार तोंडी सांगावयाची, ती लिहून घेतली जाईल की नाही याची शाश्वती नाही, लिहिली तर काय लिहिली हे कळण्याचा मार्ग नाही. अशा स्थितीत दुर्बळ मनुष्य ठाण्याच्या दारावरूनच परत फिरे. मुंबई पोलिसांनी डिसेंबर २०१५ मध्ये त्या वेळी ट्विटर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माध्यमावर आपले खाते उघडले, आणि इतर शहरांच्या पोलिसांचीही अशी खाती आहेत. या खात्यांच्या विनोदबुद्धीचे कौतुक पुष्कळ झाले. मला त्यातील महत्त्वाची गोष्ट निराळी वाटते. तेथे केलेली तक्रार सर्वांच्या देखत केलेली असते. तिला उत्तर मिळाले की नाही, हेही सर्वांस दिसते. ठाणे अंमलदाराच्या वहीत जे कधी उतरलेच नाही, ते नाकारणे सोपे होते. चारचौघांत जे उतरले ते नाकारणे तितकेसे सोपे नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना मात्र द्यावयास हवी. समाजमाध्यमावर लिहिले म्हणजे फिर्याद दाखल झाली, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो चुकीचा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने गुन्ह्याची खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने देण्याची मुभा दिली आहे खरी. परंतु खबर देणाऱ्याने तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी केली पाहिजे, तेव्हाच ती नोंदीस चढते. मुभेइतकेच या तीन दिवसांनाही महत्त्व आहे. रागाच्या भरात लिहिणारा आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे सही करावयास येणारा, ही एकाच शरीरात राहणारी दोन माणसे असतात.

साक्षीदार मिळवून देणे, हा या माध्यमांचा दुसरा गुण. ऑगस्ट २०११ मध्ये लंडन शहरात दंगली उसळल्या. दंगलखोर परस्परांना ब्लॅकबेरी फोनवरून संदेश पाठवून जमत होते; आणि दंगल शमल्यावर पोलिसांनी कॅमेऱ्यांत सापडलेले चेहरे फ्लिकर या छायाचित्रांच्या संकेतस्थळावर लावून नागरिकांस ओळख पटविण्याचे आवाहन केले. मेजवानीचे आमंत्रण आणि नंतरचा पंचनामा, दोन्ही एकाच जातीच्या साधनांनी झाले म्हणावयाचे! आपल्याकडे पुण्यात कोयते परजीत स्वतःच्या चित्रफिती प्रसिद्ध करणारी पोरे त्याच चित्रफितींच्या आधारे पोलिसांच्या हाती लागल्याचे आपण वृत्तपत्रांतून वाचतो. पूर्वीचा गुन्हेगार तोंड लपवी. आजच्या काही तरुणांना तोंड दाखविण्याचीच तहान अधिक, आणि ती तहान त्यांना तुरुंगात नेते. हरवलेल्या मुलांच्या बाबतीतही छायाचित्र शेकडो मैल क्षणात जाते, हा लाभ निःसंशय मोठा आहे. केंद्र शासनाने २०१५ साली 'खोया-पाया' हे संकेतस्थळ काढले, त्याच्या मुळाशी हाच विचार होता.

परंतु याच लंडनच्या उदाहरणात एक फरक आहे, तो निसटता कामा नये. तेथे चेहरे पोलिसांनी निवडले, पोलिसांनी लावले, आणि नाव सांगावयाचे ते पोलिसांनाच, असे होते. टोपली जागल्याच्या हातीच राहिली. ती जेव्हा त्याच्या हातातून जाते तेव्हा काय होते, याचे उदाहरण अमेरिकेतील बॉस्टन शहरी घडले. १५ एप्रिल २०१३ रोजी तेथील मॅरेथॉन शर्यतीत बॉम्बस्फोट झाले. रेडिट या संकेतस्थळावर हजारो हौशी शोधकांनी उपलब्ध छायाचित्रे घेऊन आपापला तपास आरंभिला. पाठीवर पिशवी असलेला प्रत्येक तरुण संशयित ठरू लागला. न्यूयॉर्कच्या एका वृत्तपत्राने तर दोन निरपराध तरुणांचे छायाचित्र पहिल्या पानावर छापले. १८ एप्रिलला तपास यंत्रणेने खऱ्या संशयितांची चित्रे प्रसिद्ध केली, त्यामागे या भलत्या संशयास आळा घालावा हाही एक हेतू होता. तरीही त्याच रात्री जमावाने एका बेपत्ता विद्यार्थ्याचे नाव घोषित करून टाकले. हा मुलगा भारतीय वंशाचा होता. स्फोटांच्या जवळजवळ महिनाभर आधी तो नाहीसा झाला होता, आणि त्याचे आईबाप त्याला शोधण्यासाठी याच समाजमाध्यमांचा आधार घेत होते. ज्या पानावर मुलाला परत येण्याची विनवणी होती त्याच पानावर शिव्याशाप येऊन पडू लागले, तेव्हा घरच्यांना ते पान काही काळ बंद करावे लागले. काही दिवसांनी त्या मुलाचा मृतदेह नदीत सापडला. स्फोटांशी त्याचा काडीइतकाही संबंध नव्हता.

बॉस्टन प्रकरणातील त्या कुटुंबाला निदान मागाहून क्षमायाचना मिळाली. आपल्या राईनपाड्याला तेवढेही कुणी कुणाला देऊ शकले नाही.

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा हे आदिवासी वस्तीचे लहानसे गाव. १ जुलै २०१८, रविवार, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील काही माणसे त्या दिवशी गावात आली. ही माणसे मूळची सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याची. डवर नावाचे लहान वाद्य वाजवीत, भिक्षा मागत मुलूखभर फिरणे हा त्यांचा पिढीजात क्रम. त्यांच्या आगमनापूर्वीच, मुले पळविणारी टोळी फिरत आहे, हा संदेश त्या टापूतील मोबाइलांवर येऊन बसलेला होता. कुणीतरी त्यांच्यापैकी एकाला लहान मुलीशी बोलताना पाहिले म्हणतात. तेवढे पुरले. बाजारचा जमाव त्यांच्यावर तुटून पडला, त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ओढत नेऊन कोंडले, आणि तेथे पाच जणांना मरेपर्यंत मारले. ज्या इमारतीत गावाचा न्याय आणि गावाचा कारभार वसावयाचा तिच्याच फरशीवर हे घडले.

या प्रसंगाचे एक अंग असे आहे की, ज्याचा विचार करताना मन सुन्न होते. मारहाण चालू असता कित्येक जण मोबाइल उंच धरून तिचे चित्रण करीत होते. मग पोलिसांनी आरोपींची ओळख पटविण्यासाठी त्याच चित्रफितींचा उपयोग केला. म्हणजे या साधनाने गुन्हा पेटविला आणि याच साधनाने गुन्हेगार दाखवून दिले. लाभ आणि हानी यांची दोन वेगळी पारडी करून वजन करू पाहणाऱ्याने राईनपाड्याची ती फीत कोणत्या पारड्यात टाकावी?

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एकीची कथा सांगण्याजोगी आहे. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि एका मुलाला उचलून नेतात. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा असे दृश्य. वास्तविक ती फीत पाकिस्तानात कराची येथे, मुलांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्या एका संस्थेसाठी, जनजागृतीच्या हेतूने तयार केलेली होती. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. कुणीतरी शेपटाकडचा हा भाग तेवढा कापला. काही खोटे जोडले नाही, एक अक्षर रचले नाही; केवळ खरे होते ते थोडे कमी केले. पालकांना जागे करण्यासाठी केलेली वस्तू याप्रमाणे माणसे मारण्याच्या कामी आली.

आणि ही फीत पुढे धाडणारे कोण? दुष्ट लोक म्हणावे तर तसे नाही. त्यांतील बहुतेक आया, मावश्या, शिक्षक, निवृत्त कारकून होते, आणि त्यांनी ती काळजीपोटीच धाडली. जुन्या काळची कंडी पिकविणारा माणूस गावाला ठाऊक असे, आणि त्याच्या बोलण्यातले किती घ्यावे हेही ठाऊक असे. व्हॉट्सॲपवरील संदेशाचे उगमस्थान दिसत नाही; दिसतो तो शेवटचा पाठविणारा, आणि तो असतो आपला मेहुणा किंवा मुलाच्या वर्गाची शिक्षिका. संदेशाला त्यांची पत चिकटून येते. ज्याने तो रचला त्याच्यावर आपण कधीच विश्वास ठेवला नसता.

भटक्यांकडेच बोट का वळले, याचे उत्तर मोबाइलमध्ये शोधून सापडावयाचे नाही. १८७१ च्या कायद्याने इंग्रज सरकारने अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. पण फिरस्ता दिसला की मुलांना घरात घेण्याची गावकऱ्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. समाजमाध्यमाने नवा संशय निर्माण केला नाही. जुन्या संशयाला पंख दिले. त्रिपुरातील साब्रूम येथे २८ जून २०१८ रोजी, म्हणजे राईनपाड्याच्या तीन दिवस आधी, जमावाने ज्याला ठार केले तो तर राज्य शासनाच्या माहिती व संस्कृती खात्याने, अफवांवर विश्वास ठेवू नका, हे ध्वनिक्षेपकावरून सांगत फिरण्यासाठी नेमलेला माणूस होता. तोही परगावचा होता, एवढाच त्याचा अपराध.

त्याच १ जुलैच्या रात्री मालेगावात असाच जमाव जमला. तेथे पाच जण, त्यांत एक लहान मूल, लोकांच्या तावडीत सापडले होते. मालेगावच्या पोलिसांनी शेकडोंच्या गर्दीतून त्यांना जिवंत बाहेर काढले. पोलिसांची गाडी उलथली, पण माणसे वाचली. या बातमीचा गवगवा फारसा झाला नाही. वाचलेल्या माणसांची चित्रफीत कोण पुढे धाडणार?

यानंतर उपाय झाले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी धाडण्यास प्रतिबंध केला. पाच हा आकडा आपल्याला नवा नव्हता. ऑगस्ट २०१२ मध्ये अफवांमुळे ईशान्येकडील हजारो लोक बंगळूर आणि पुणे सोडून गाड्या भरभरून निघाले, तेव्हा केंद्र शासनाने पंधरा दिवसांकरिता एकगठ्ठा लघुसंदेशांवर बंदी घातली होती, ती प्रथम पाचांचीच होती. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविषयी निर्णय देऊन, प्रत्येक जिल्ह्यात त्यासाठी एक वरिष्ठ पोलिस अधिकारी नेमावा, असे आदेश दिले. मला स्वतःला या उपायांत पाचाच्या मर्यादेचे कौतुक अधिक वाटते. तिने कुणाचे तोंड बांधले नाही, केवळ चाल मंद केली. आणि अफवेचे सगळे बळ तिच्या चालीत असते.

संदेश प्रथम कुणी रचला हे शोधून काढण्याची व्यवस्था ठेवा, असे शासनाने फेब्रुवारी २०२१ च्या नियमांन्वये मोठ्या कंपन्यांना फर्माविले. त्यावर व्हॉट्सॲप दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की, एका गुन्हेगाराचा माग ठेवावयाचा तर सर्वांच्याच खाजगी बोलण्यावर खूण करावी लागेल. हा आक्षेप केवळ व्यापाऱ्याचा कांगावा म्हणून उडवून लावता येत नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली एकमुखाने सांगितले आहे. राईनपाड्याचा पहिला संदेश कुणी लिहिला हे कळावयास हवे असे मलाही वाटते, आणि माझी पत्रे कुणी चाळू नयेत असेही वाटते. या दोन इच्छा माझ्या मनात शेजारी बसतात, पण त्यांचे आपसांत पटत नाही.

अधिकार हाती असलेल्याने अतिरेक केला तर काय होते, याचे उदाहरण पालघरने दिले. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी एका मुलीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, आणि दुसरीने त्या पसंत असल्याची खूण केली. पोलिसांनी दोघींना अटक केली. ज्या ६६-अ कलमाखाली असे खटले होत असत ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले.

आता न्यायालयाच्या दारातील अडचणी. त्या नीरस असल्या तरी आरोपी सुटतो तो बहुधा याच दारातून. समजा, एका महिलेची सोनसाखळी हिसकावली गेली. संशयिताचे छायाचित्र त्याच संध्याकाळी शंभर गटांत फिरले. पुढे ओळखपरेड झाली आणि त्या महिलेने आरोपीवर अचूक बोट ठेवले. बचावाचा वकील एकच प्रश्न विचारील: 'बाई, हे छायाचित्र आपण आधी मोबाइलवर पाहिले होते काय?' आणि परेडीचे सारे मोल तेथे गळून पडेल. कारण तिने चोर ओळखला की छायाचित्र ओळखले, हे आता ती स्वतःही शपथेवर सांगू शकणार नाही. मदत करावयास निघालेल्या शंभर जणांनी तिची साक्ष पुसून टाकली.

चित्रफितीचेही तसेच. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर स्वीकारले गेले काय, असा वाद होता, आणि पुरावा होता तो निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रणाचा. हा खोतकर-गोरंट्याल वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले की, मूळ यंत्रच न्यायालयापुढे आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने ठरवून दिलेले प्रमाणपत्र जोडलेच पाहिजे. नव्या साक्ष अधिनियमाने ही अट अधिक काटेकोर केली आहे. तेव्हा दहा हातांतून फिरून आलेली, दर टप्प्यावर थोडी थोडी आकसत गेलेली चित्रफीत कितीही बोलकी असली तरी ती कुणाच्या यंत्रावर प्रथम टिपली गेली हे सांगणारा माणूस उभा राहावा लागतो. जो टिपतो तो सहसा पुढे येत नाही. पुढे धाडणारे मात्र हजार.

अत्याचारग्रस्त स्त्रीचे नाव वा छायाचित्र सहानुभूतीपोटी प्रसिद्ध करणे हाही कायद्याने गुन्हाच आहे, एवढे जाता जाता सांगून ठेवतो. ती हयात नसली म्हणजे बंधन सुटते, असा पुष्कळांचा समज दिसतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो स्पष्ट शब्दांत खोडून काढला आहे.

असो. दुसऱ्यांच्या चुका इतक्या विस्ताराने सांगितल्यावर आपली एक सांगणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या आरंभी, आमच्या गृहसंस्थेच्या गटावर एका चादरी विकणाऱ्याचे छायाचित्र आले. खाली लिहिले होते: 'हा इसम दुपारी घरे हेरून जातो. सावध राहा.' मी त्या वेळी वाचीत बसलो होतो. छायाचित्र पाहिले, आणि 'काळजी घ्यावी' एवढे दोन शब्द जोडून तीन ठिकाणी धाडले. यास अर्धा मिनिटही लागला नसेल. संध्याकाळी खाली गलबला ऐकू आला. पलीकडच्या गल्लीतील पोरांनी त्या माणसाला अडवून ठेवले होते. तो सोलापूरचा होता, आणि आमच्या भागात आठ वर्षे येत होता. त्याच्याकडून घेतलेली चादर त्या क्षणी माझ्या खाटेवर होती. तोंड मात्र मला ओळखता आले नव्हते, कारण चादर घेताना मी चादरीकडे पाहिले होते. हवालदार वेळेवर आला, त्याने चौकशी केली आणि त्याला जाऊ दिले. सुदैवाने मार बसला नव्हता. गठ्ठा मात्र सोडून पाहिलेला होता, आणि चादरी पावसात भिजल्या होत्या.

मी त्याच तीन ठिकाणी खुलासा धाडला. तो किती जणांनी पुढे पाठविला, हे मला कधी कळले नाही.

गेल्या महिन्यात इंदूरहून माझ्या मावसभावाने एक संदेश पाठविला. तेच छायाचित्र, तोच खांद्यावरचा गठ्ठा, खाली शहराचे नाव बदललेले, आणि शेवटी 'काळजी घ्यावी' हे माझेच दोन शब्द जसेच्या तसे. मी त्याला तत्काळ कळविले की, हा मनुष्य निरपराध आहे, मी त्याला ओळखतो. थोड्या वेळाने उत्तर आले: 'अरे, मग आधी सांगायचंस. आमच्या कॉलनीत सकाळीच सगळ्यांना पाठवून झालं.'